ग्रीन टी कडू, दार्जिलिंग पानचट, गुळाचा चहा फुटतो : नेमकं कुठे बिघडतंय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. रोजचा दुधाचा चहा तुमचा चांगला होतो, त्याबद्दल तक्रार नाही. बहिणीने दार्जिलिंगहून येताना तीन पाकिटं आणली, फर्स्ट फ्लश (म्हणजे पहिल्या खुडणीचा काळा चहा, खाली ज्याला नुसता दार्जिलिंग म्हटलंय तो), ग्रीन टी आणि उलाँग, आणि तिन्हींनी निराशा केली. ग्रीन टी कडू झाला, दार्जिलिंग दूध घातल्यावर पानचट लागला, उलाँगच्या गोळ्या धड उलगडल्याच नाहीत. त्यात हल्ली साखर सोडून गूळ सुरू केलाय तर दूध फुटतं. आणि बिनदुधाच्या चहावर तेलकट पापुद्रा येतो म्हणून पत्तीत भेसळ असेल का अशी शंका. पाणी बोअरचं आहे. थर्मामीटर घ्यावा का, हा शेवटचा प्रश्न.

मी चहाच्या धंद्यात टेस्टिंग आणि ब्लेंडिंगचं काम करतो, त्यामुळे असे प्रश्न कायम कानावर येतात, आणि दहातल्या नऊ वेळा पत्ती चांगलीच असते. तुमच्या तक्रारी पाच दिसतात पण पहिल्या तीन मुळात एकच आहेत. तुम्ही प्रत्येक पत्तीला आपल्या रोजच्या चहाचीच पद्धत लावताय, आधण ठेवायचं, पत्ती टाकायची, उकळायचं, दूध घालायचं. इंद्रायणी आणि बासमती आपण एकाच मापाने, एकाच पाण्यात शिजवत नाही, तसंच इथे आहे.

आपल्या घरात येतो तो दाणेदार चहा म्हणजे सीटीसी. पान मशीनमध्ये चेचून, फाडून, त्याच्या बारीक गोळ्या केलेल्या असतात. ही पद्धत १९३० च्या दशकात आसाममध्ये निघाली आणि आज भारतात होणारा बहुतांश चहा असाच बनतो. पान पूर्ण चेचलेलं असल्यामुळे रंग आणि कडकपणा दोन मिनिटांत बाहेर येतो, आणि तो इतका जोरकस असतो की त्याला दूध लागतंच. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन चहातल्या तुरट घटकांना धरून ठेवतं म्हणून उकळलेला सीटीसी दुधात गोडसर लागतो, तोच बिनदुधाचा प्यायलात तर जीभ आखडेल. म्हणजे हा चहा उकळण्यासाठी आणि दुधासाठीच बनवलेला आहे. त्याला कमी लेखणारी मंडळी मला अजिबात पटत नाहीत, चांगला आसाम सीटीसी ही फार कौशल्याची गोष्ट आहे.

तुमच्याकडे आलेली तिन्ही पाकिटं ऑर्थोडॉक्स पद्धतीची, म्हणजे पान शक्यतो अख्खं ठेवून केलेली. यातला सुवास हलका असतो, उकळला की वाफेबरोबर निघून जातो आणि मागे राहतो तो फक्त तुरटपणा. म्हणून हा चहा उकळायचा नाही, गरम पाण्यात मुरवायचा. झाड दोन्हीकडे एकच असतं बरं का. हिरवा, काळा, उलाँग, पांढरा, सगळे एकाच चहाच्या झाडापासून होतात, फरक असतो तो पान खुडल्यानंतर त्याचं किती ऑक्सिडेशन, म्हणजे हवेने काळवंडणं, होऊ दिलं यात. ग्रीन टीमध्ये पान लगेच वाफवून किंवा कढईत परतून ऑक्सिडेशन थांबवतात, काळ्या चहात ते पूर्ण होऊ देतात, उलाँग मधे कुठेतरी.

आता सगळ्यात कामाचा नियम सांगतो, बाकी विसरलात तरी हा धरून ठेवा. चहा कडक हवा असेल तर पत्ती वाढवा, वेळ वाढवू नका. वेळ वाढवल्यावर कडकपणा येत नाही, कडवटपणा येतो. सुवास आणि गोडवा देणारे घटक पाण्यात लवकर उतरतात, तुरट आणि कडू घटक मागून येत राहतात, आणि पाणी जितकं गरम तितके ते जास्त येतात. त्यामुळे हातात तीनच गोष्टी आहेत, पत्ती किती, पाणी किती गरम, वेळ किती. एका वेळी एकच बदलायची, नाहीतर काय केल्याने काय झालं ते कळत नाही.

पत्तीच्या मापात एक गंमत आहे जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सीटीसीचा एक सपाट चमचा साधारण अडीच-तीन ग्रॅम भरतो, पण मोठ्या पानाच्या चहाचा तोच चमचा एक-दीड ग्रॅमच भरतो कारण मधे हवाच जास्त. पांढरा चहा तर इतका फुललेला असतो की दोन मोठे चमचे टाकले तरी वजन नाही. तुमचा दार्जिलिंग पानचट लागला त्याचं अर्धं कारण इथे असणार, तुम्ही एका कपाला एक चमचा टाकला असेल. घरी छोटा वजनकाटा असेल तर १५०-२०० मिलीच्या कपाला अडीच ग्रॅम धरा. नसेल तर मोठ्या पानाचे दोन चमचे.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे दूध. फर्स्ट फ्लश म्हणजे मार्च-एप्रिलची पहिली खुडणी, त्यात पान खूप वेळ सुकवतात म्हणून ऑक्सिडेशन कमी होतं, पाकिटात पानं हिरवट दिसतात ती त्यामुळेच. नावाला काळा चहा असला तरी अंगाने फार नाजूक. त्याच्यात दूध घातलंत तर दुधाचीच चव येणार. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, पत्तीवर ओता, झाकण ठेवा, अडीच ते तीन मिनिटांत गाळून टाका. रंग फिका सोनेरीच येतो, तो बघून अजून मुरू देऊ असं वाटतं, तिथे हात आवरायचा. रंगावरून चहा ठरवायची सवय आपल्याला सीटीसीने लावली आहे, इथे ती चालत नाही, चव घेऊन ठरवा. मे-जूनमधला सेकंड फ्लश मिळाला तर तो जास्त भरदार असतो, त्याला पाणी थोडं जास्त गरम आणि वेळ तीन ते चार मिनिटं चालतो, आणि ज्याला मस्कटेल म्हणतात तो पिकल्या द्राक्षासारखा वास त्यातच येतो. दुधाशिवाय राहवतच नसेल तर दार्जिलिंग बाजूला ठेवा आणि आसामचा ऑर्थोडॉक्स घ्या, चार-पाच मिनिटं मुरवून वरून थोडं गरम दूध, तो दुधापुढे उभा राहतो.

ग्रीन टीला सगळ्यात जास्त बळी पडतात लोक. डॉक्टरांनी सांगितला म्हणून आणतात, उकळतात, औषधासारखा नाक दाबून पितात आणि महिन्याभरात पाकीट कपाटात मागे जातं. खरंतर नीट केलेला ग्रीन टी गोडसर लागतो. त्याला ७५ ते ८० अंशाचं पाणी आणि दोन मिनिटं पुरतात. जपानी वाफवलेला सेंचा असेल तर अजून थोडं कमी, ७० अंश आणि एक मिनिटसुद्धा बास.

आणि इथेच थर्मामीटरचं उत्तर, नको. हे असं करा. पाणी खळखळून उकळा. दोन चिनीमातीचे मग घ्या, साध्या तापमानाचे. उकळतं पाणी पहिल्या मगात ओता, थंड मग स्वतः उष्णता ओढून घेतो, पाणी साधारण ९० च्या खाली येतं. अर्ध्या मिनिटाने तेच पाणी दुसऱ्या मगात ओता, आता ते ८० च्या आसपास आलं. मग ग्रीन टीची पत्ती त्यात टाका. वाफ बघायला शिका, उकळत्या पाण्याची वाफ जोरात सरळ वर जाते, ८० च्या पाण्याची वाफ मगाच्या काठावर रेंगाळते. चार-पाच वेळा केलं की डोळ्याला सवय होते. स्टीलचा ग्लास मात्र वापरू नका, पातळ असतो, तेवढी उष्णता ओढत नाही आणि अंदाज चुकतो.

दोन मिनिटं झाली की पत्ती बाहेर काढायची, कपात तशीच ठेवून गप्पा मारत प्यायची नाही. टी बॅग असेल तर त्यात बहुतेकदा बारीक चुरा असतो, तो फार लवकर उतरतो, सव्वा-दीड मिनिट पुरे आणि बॅग शेवटी पिळायची नाही. चांगल्या पानाचा ग्रीन टी दुसऱ्यांदाही निघतो, त्याच पत्तीवर थोडं जास्त गरम पाणी ओतून. लिंबू पिळायचं तर गाळल्यावर. काळ्या चहात लिंबू पिळलं की रंग एकदम उजळतो, तो आम्लामुळे, घाबरू नका.

उलाँगचं सांगतो. तुमच्या वर्णनावरून तो घट्ट गोळ्या वळलेला आहे, त्याला पाणी गरम लागतं, ९० ते ९५. ग्रीन टीसारखं कोमट पाणी घातलं किंवा भांडं उथळ असलं तर गोळी उघडतच नाही. एकदा उकळतं पाणी ओतून पाच सेकंदात ते फेकून द्या, गोळ्या जाग्या होतात, मग परत पाणी ओतून तीन मिनिटं. भांड्यात जागा मोकळी हवी कारण पान उघडल्यावर कितीतरी पट फुगतं, त्या छोट्या चेंडूसारख्या जाळीच्या गाळणीत उलाँग कधीच करू नये, आतल्या आत कोंबून बसतो. चीन-तैवानकडे छोट्या भांड्यात भरपूर पत्ती घालून वीस-तीस सेकंदांचे पाच-सहा घाणे काढतात आणि प्रत्येक घाण्याची चव बदलत जाते. सुट्टीच्या दिवशी वेळ असेल तर तसं करून बघा, १०० मिली पाण्याला पाच ग्रॅम. मला स्वतःला उलाँग असाच आवडतो, तिसरा घाणा बहुतेक वेळा सगळ्यात छान निघतो.

आता गुळाचा चहा, आणि हा विषय आपल्या घराघरातला म्हणून जरा सविस्तर. गुळात थोडं आम्ल असतं, क्षार असतात, जुना किंवा पाणी सुटलेला गूळ असेल तर आम्ल अजून जास्त. हे सगळं उकळत्या दुधात गेलं की दुधातली प्रथिनं गोळा होतात आणि दूध फुटतं. त्यामुळे गूळ आणि दूध यांना एकत्र उकळायचंच नाही. पाण्यात आलं, पत्ती नीट उकळून घ्या, गॅस बंद करून त्या कोऱ्या चहात गूळ विरघळवा. दुसऱ्या भांड्यात दूध वेगळं तापवा, गाळलेल्या चहात वरून घाला आणि परत गॅसवर चढवू नका. बस, एवढंच. तरी फुटला तर गूळ बदला. दूध सकाळचं, बाहेर राहिलेलं असेल तर तेही आंबटाच्या उंबरठ्यावर असतं, मग गूळ निमित्तमात्र होतो.

आल्याचंही तसंच. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एंझाइम असतं, कोमट दुधात किसलेलं आलं टाकलं तर दूध फाटतं. तेच आलं आधी पाण्यात दोन मिनिटं खळखळून उकळलं की त्या एंझाइमचा जोर संपतो. म्हणून आपल्या आया-आज्या आधणातच आलं टाकायच्या. गवती चहाची पातही आधणातच, दुमडून गाठ मारून टाका, गाळताना त्रास होत नाही. वेलदोडा मात्र शेवटी, कुटून, दूध घातल्यावर, त्याचा वास फार उकळला तर उडून जातो.

रोजचा चहा तुमचा चांगला होतो म्हणालात, तरी एक सांगतो. दोन कपांसाठी एक कप पाणी, पाऊण ते एक कप दूध, दोन सपाट चमचे सीटीसी, पत्ती पाण्यात दोन मिनिटं उकळू द्या आणि मग दूध. दूध-पाणी एकत्र करून त्यात पत्ती टाकली तर चहा हळू उतरतो, मग पत्ती जास्त लागते आणि उकळावंही जास्त लागतं. पुण्यातल्या अमृततुल्यवाल्यांचा चहा तसाच दूध-पाणी एकत्र उकळून होतो, पितळी पातेलं, मंद आच, फडक्याने गाळणं, त्यांची पत्ती आणि वेळ त्या हिशोबाने बसलेली असते. घरी त्यांची पद्धत आणि आपलं पत्तीचं माप असं अर्धवट केलं की चहा दुधाळ होतो. आणि केलेला चहा पुन्हा गरम करू नका, कोणताच.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे हे मला मान्य आहे. दूध गाईचं की म्हशीचं, पिशवीतलं टोन्ड की फुल क्रीम, त्यानुसार पत्तीचं माप हलतं. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी, म्हणजे पुण्यात ९८ च्या आसपास आणि महाबळेश्वरला ९५-९६. पत्ती जुनी असेल तर काहीही करा, सुवास येणार नाही. पण तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट पाणी आहे.

आता तो पापुद्रा. तो भेसळीचा नाही, तुमच्या बोअरच्या पाण्याचा आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर. चहातले घटक हवेच्या संपर्कात आले की या कॅल्शियमशी मिळून वर पातळ थर धरतात, कप हलवला की त्याला भेगा पडतात, काठाला तपकिरी कडं बसतं. दुधाच्या चहात लक्षात येत नाही, कोऱ्यात लगेच दिसतं. खात्री करायची असेल तर त्या कपात लिंबाचे दोन थेंब टाका, थर जातो. अशा पाण्यात दार्जिलिंगचा सुवास दबतो आणि चव सपाट होते, म्हणजे तुमच्या पानचट चहाचं तिसरं कारणही हेच असू शकतं. आरओचं पाणी असेल तर ते वापरा, पण काही आरओ सगळेच क्षार काढून टाकतात आणि मग चहा उलट बाजूने बेचव होतो, तेव्हा तीन भाग आरओ आणि एक भाग बोअरचं असं मिसळून बघा. नळाचं, धरणाचं पाणी येत असेल तर ते बहुतेकदा सगळ्यात बरं.

भेसळ तपासायचीच असेल तर सोपा उपाय आहे. पांढरा टिपकागद किंवा फिल्टर पेपर घ्या, त्यावर थोडी कोरडी पत्ती पसरा, वरून पाणी शिंपडा, मग पत्ती काढून कागद धुवा आणि उजेडात बघा. रंग लावलेली पत्ती असेल तर कागदावर लगेच गडद डाग उठतात. शुद्ध पत्ती गार पाण्यात इतक्या झटपट रंग सोडत नाही. सुटी, बिननावाची पत्ती घेणाऱ्यांनी हे जरूर करावं.

भांड्यांचं विचारलं नव्हतंत पण लोक नाहक खर्च करतात म्हणून सांगतो. झाकण असलेलं चिनीमातीचं किंवा काचेचं एक भांडं, एक रुंद गाळणं, मोबाइलमधला टायमर, बास. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कोरा चहा करू नका, लिंबू तर नकोच. चहा मसाल्याच्या डब्यांशेजारी ठेवू नका, पत्ती वास फार लवकर ओढते, हिंगाच्या शेजारचा दार्जिलिंग मी चाखलेला आहे. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा आणि फर्स्ट फ्लश, ग्रीन टी सहा-आठ महिन्यांत संपवा, जपून ठेवण्यात अर्थ नाही.

आम्ही कामावर चहा तपासतो तेव्हा १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि तब्बल ६ मिनिटं असं ठरलेलं माप असतं, त्याचं आयएसओ ३१०३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे. कुणी पाकिटावर किंवा कुठे हे वाचून घरी तसं करायला जातं आणि चहा अतिकडू होतो. ते माप पत्तीतले दोष उघडे पाडण्यासाठी आहे, सगळे चहा एकाच कसोटीवर ताणून बघण्यासाठी. प्यायचा चहा त्या मापाने करायचा नसतो.

उन्हाळ्यासाठी अजून एक, कारण तुमच्याकडे ऊन फार. ग्रीन टी किंवा दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरातला मोठ्या पानाचा चहा एक लिटर साध्या पाण्यात आठ-दहा ग्रॅम घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी गाळा. थंड पाण्यात कडू घटक फार कमी उतरतात, त्यामुळे साखर लागतच नाही. आसामचा कडक चहा गरम करून मग थंड केला तर तो गढूळ होतो, तुरट घटक आणि कॅफिन एकत्र येऊन तसं होतं, खराब झालेला नसतो. निलगिरी सहसा गढूळ होत नाही म्हणून आइस्ड टीला तोच घेतात. आणि ज्यांना लोह कमी आहे त्यांनी कुठलाही चहा जेवणाला लागून पिऊ नये, तासाभराचं अंतर ठेवा, चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं.

तुम्ही आता असं करा. बाटलीचं एक लिटर पाणी आणा आणि आधी फर्स्ट फ्लश करा, अडीच ग्रॅम, १५० मिली, पावणेतीन मिनिटं, दूध नाही, साखर नाही. लगेच शेजारी तोच चहा तसाच बोअरच्या पाण्यात करा आणि दोन्ही कप थोडे निवल्यावर प्या, गरम असताना जीभ फरक पकडत नाही. बाटलीच्या पाण्यातलाही पानचट लागला तर पत्ती अर्धा ग्रॅम वाढवा, तुरट लागला तर वेळ अर्धा मिनिट कमी करा. तरीही सुवास नसेलच तर पाकिटावरची पॅकिंगची तारीख बघा आणि कोणत्या बागेचा, कोणत्या वर्षाचा आहे ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.